मंगळवारचा बाजार

"घंटाघराखाली दर मंगळवारी बाजार भरतो. कालव्याकाठी बदकं फिरतात."

वेअरहाऊसच्या शिफ्टवरून आली की कादंबरी कॅनडातल्या ब्रॅम्पटनच्या बेसमेंटमध्ये बसून, जोडकाम म्हणून एका वेबसाइटसाठी इंग्लंडमधल्या एका गावाची पर्यटन-माहिती लिहायची. गाव कधी पाहिलेलं नव्हतं. तेवढ्यात आईचा फोन यायचा, "आज काय पाहिलंस गं?"

बोलायचं त्राण नसायचं. समोर लिहिलेलंच ती आपल्या गावाचं म्हणून वाचून दाखवायची. अशी चार वर्षं गेली.

आज आई आली. विमानतळावरून येताना टॅक्सीत कादंबरी म्हणाली, "आई, तो बाजार आता भरत नाही."

"इंग्लंडात भरतो की. बाबांनी तेव्हाच शोधलं होतं," आई म्हणाली. "तू झोपतेस कुठे, तेवढं दाखव."