पैलू पडण्याआधी

धाकट्या भावाने कच्चा हिरा आणि दाखला माझ्या मेजावर ठेवला. “दादा, आजच चाकावर घे. आपलं पहिलं मोठं काम, नाही म्हणू नकोस.” दाखल्यावर परदेशातल्या खाणीचे नाव होते. मी भिंगातून पाहिले. खाणीतल्या हिऱ्याच्या कडा तीक्ष्ण असतात; याच्या नदीत घासून गुळगुळीत झाल्या होत्या. त्या देशातल्या नद्या सशस्त्र टोळ्यांच्या ताब्यात होत्या. तिथले हिरे विकून बंदुका येत, म्हणून त्यांवर बंदी होती; असा हिरा सापडला की तपासणी कार्यालयात जमा करायचा असे. एकदा पैलू पाडले की हा पुरावा पुसला जातो. “तुझं भिंग कुठाय?” “घरी राहिलं.” “अंघोळीलासुद्धा गळ्यातून काढत नाहीस की रे!” तो हसला नाही. मी माझे भिंग पुढे केले. त्याने घेतले नाही. चाक रिकामेच फिरत राहिले. मग त्याने हिरा दाखल्यात गुंडाळला. “दादा, तपासणी कार्यालय पाचला बंद होतं ना?”