मॉन्स्टेराची पानं

उन्हाळी सुट्टीत पाचगणीचं वसतिगृह रिकामं झालं आणि विज्ञान शिकवणारी प्रांजल तिथं एकटीच उरली. सोबत म्हणून तिनं वाईच्या नर्सरीतून मोठ्या, कातरलेल्या पानांचं मॉन्स्टेराचं झाड आपल्या खोलीत आणलं. पानं ओल्या फडक्यानं पुसायची, बोटभर माती सुकली की मगच पाणी घालायचं, हे ती नेमानं करी.

झाड उजेडाकडे वळतं, असं ती मुलांना दरवर्षी शिकवायची. पण आठवड्याभरात सगळी पानं खिडकीकडे पाठ करून कोपऱ्यातल्या तिच्या पलंगाकडे वळली. तिनं कुंडी फिरवून ठेवली. चार दिवसांत पानं पुन्हा पलंगाकडेच.

तिनं आईला, हरणाबाईला, फोनवर सांगितलं. हरणाबाईचा जन्म मेंढरांमागे गेलेला. आई हसली. "आगं, मेंढरं बी राखणाऱ्याकडंच तोंड करून बसत्यात. झाड तुला वळखाय लागलं! पर तू घरला कवा येतीस?"

"आता नाही येत. करमतंय मला इथं," प्रांजल म्हणाली, आणि ते खरं होतं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिच्याकडे बघत होतं.

त्या आनंदात तिनं पलंग ओढत खिडकीखाली नेला. आता उजेड आणि आपण एकाच बाजूला, झाडाला सोपं जाईल.

पंधरा दिवस तिनं वाट पाहिली.

पानं त्या रिकाम्या कोपऱ्याकडेच राहिली. फक्त थोडी खाली झुकली. पलंग गेल्यावर तिथं कुणी जमिनीवर बसलं असतं, तर त्याचं तोंड जिथं आलं असतं, अगदी तिथवर.