कडजाईचा कौल

“हयसर सही कर नि मोकळी हो, बाय.” शंभूकाकांनी कागद टाइपरायटरशेजारी ठेवला.

रखमाने तो उचलला नाही. त्र्याऐंशी सालच्या मार्चमधला शुक्रवार होता. काका बहारीनमधल्या रिफ्याहून साहेबाची गाडी घेऊन हूऱ्याला तिच्या खोलीवर आले होते आणि दुपारच्या आत त्यांना ती परत न्यायची होती. रावजींना जाऊन पंधरा दिवस झाले होते. वडिलांच्या मृत्यूचे सगळे कागद रखमाने स्वतःच टाइप केले होते, तीन प्रतींत, एकही चूक न करता.

हा कागद कोकणातल्या गावाहून आला होता. वाडीची देवी कडजाई कड्याखालच्या घुमटीतून उचलायची आणि बाजारातल्या मोठ्या देवळात नेऊन बसवायची. घुमटीचा मान थोरल्या घराचा, म्हणजे रावजींचा. वर्षभर त्यांनी या मागणीला उत्तरच दिले नव्हते. काका त्यांचे चुलतभाऊ; त्यांची सही चालणार नव्हती. रखमाची लागत होती.

“थंय आता रवलां कोण?” काका म्हणाले. “अकरा म्हातारी माणसां. दिवो लावूक कड्याकडे कोण चढतलो? आणि कौल झालो गो. देवीन उजवो दिल्यान. खलास.”

घरच्या कर्त्याच्या नावाने गाऱ्हाणे घालून देवीला प्रश्न विचारतात आणि तिच्या पाषाणाला दोन्ही बाजूंनी फुले चिकटवतात. उजवे आधी पडले तर होकार, डावे पडले तर नकार. रखमाने पुष्कळ वाचले होते, पण कौल मोडण्याइतके तिने काहीच वाचले नव्हते.

टाइपरायटरवर एक पान अर्धे राहिले होते. अहमद उस्ताद हे निवृत्त इजिप्शियन शिक्षक आपल्या देशातल्या जुन्या गावदेवांवर पुस्तक लिहीत होते आणि दर शुक्रवारी ती त्यांची पाने टाइप करायची. अंजेती, बुसिरिस गावचा देव: पुढे ओसायरिस या मोठ्या देवात विलीन. हातमेहित, डेल्टातल्या एका गावची मासळीदेवी: पुढे तिथल्याच मेंढादेवाची बायको. अर्धे राहिलेले पान मेरेत्सेगेरचे होते. थडगी कोरणाऱ्या कारागिरांच्या वस्तीवर एक शिखर होते, त्यात ही नागदेवी राहायची. हातून चूक झाली की कारागीर दगडावर कबुली कोरून तिला वाहायचे. एक दिवस वस्ती उठली आणि तिचे नाव घेणारे कोणी उरले नाही.

“विलीन हा आपला शब्द, रखमा,” उस्ताद एकदा म्हणाले होते. “त्या बिचाऱ्यांना कुणी विचारलं होतं का?”

आमच्याकडे विचारतात, असे ती तेव्हा थोड्या अभिमानाने म्हणाली होती.

तिने कागद उचलला. त्याला जोडलेले पत्रही उलगडले. टाइपिस्टची नजर आधी तारखेवर जाते. पाच मार्च. ‘आज बहारीनवाल्या रावजीच्या नावाने देवीस गाऱ्हाणे घातले. कौल उजवा.’

“काका, बाबा गेल्याची तार गावात कधी पोचली?”

“सात तारखेक. तालुक्याक पडान रवली होती. कित्या?”

“बाबा तीन तारखेला गेले.”

तिने पत्रातल्या तारखेवर बोट ठेवले.

“पाच तारखेला देवीला विचारलं ते गेलेल्या माणसाच्या नावाने.”

“त्यांका काय म्हायत होतां?”

“त्यांना नव्हतं माहीत. देवीला होतं.”

काका खुर्चीत मागे टेकले. खिशातली गाडीची किल्ली त्यांनी बाहेर काढली आणि परत आत टाकली.

“मगे?”

“मग तिला अजून कुणी विचारलेलंच नाही. उद्या लीव्हचा अर्ज टाकते. उजवा दिला, तर मी स्वतः तिला डोक्यावरून खाली नेईन. डावा दिला, तर तिला कुणी हात लावायचा नाही.”

“तू गाऱ्हाणां घालतलंस?” काका हसले. “बायलमाणसान गाऱ्हाणां घातलेलां खंय आयकलंस?”

“नाही ऐकलं.”

“मगे?”

“घरात आता मी एकटीच आहे, काका.”

“आणि ह्या असल्या पुस्तकी बोलण्यान? देवी म्हणतली, ही कोण आपिसातली बाय इली! बोलान दाखय बघया.”

रखमा उठली. गाव होते त्या बाजूला तिने तोंड केले, म्हणजे समोरच्या भिंतीकडे. हात जोडले.

“आई कडजाई, म्हाराजा,” ती म्हणाली. “ह्या घराचो रावजी आज तुझ्या पायाकडे इलो नाय.” ती थांबली. “आता तो येवचो नाय.”

पंधरा दिवसांत हे वाक्य तिने पहिल्यांदाच तोंडाने उच्चारले होते. टाइप केले होते, तीन प्रतींत.

“त्येचा चेडू रखमा तुका इचारता. तुका तुझो ठाव सोडूचो आसा काय नाय, तां तूच सांग.”

पुढे तिला काही येईना. गाऱ्हाणे एकट्याने पुरे होत नाही. घालणाऱ्याच्या मागे उभे राहून कुणीतरी त्याला हुंकार द्यावा लागतो. खोलीत फक्त पंखा फिरत होता.

मग मागे खुर्ची सरकली. शंभूकाकांनी पायांतले बूट काढले, तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि मान खाली घालून म्हणाले, “व्हय म्हाराजा.”