नावांचं गाणं

“दादीसा, तुम्ही फक्त ओठ हलवा. गाणं आम्ही वरून टाकतो,” सुरतेहून आलेली नाच बसवणारी मुलगी म्हणाली.

लाडकुंवरबाईंनी स्पीकरकडे मान वळवली. दोंडाईच्याच्या लॉनवर नातीच्या, आयुषीच्या हळदीचा मांडव होता. स्पीकरवर बन्नीचं, म्हणजे नवरीचं गाणं लागलं होतं, त्यांच्या सासूने त्यांना शिकवलेलं. पण कुणीतरी त्याच्या पाठीत धपाटे घालत असावं तसा ठेका.

“यात नावं कुठे आहेत?”

मुलीला कळेना. बाईंनीच सांगितलं, या गाण्यात घरच्यांची नावं घालायची असतात. आजीचं, बापाचं, आईचं. ज्याचं नाव येईल त्याने उठून नवरीला हळद लावायची. तोवर ओळ पुढे जात नाही.

“ते सरांनीच नको सांगितलं. नावांचं गाणं नको, रेकॉर्डिंगच लावा म्हणाले.”

सर म्हणजे बाईंचा मुलगा, अभयकुमार. मिरचीच्या व्यापाऱ्यांच्या घोळक्यात तो हसत उभा होता. बाईंची नजर मागे गेली. शेवटच्या रांगेत चेलना बसली होती, आयुषीची आई. अभयकुमारने सोडचिठ्ठी दिल्यापासून ती जळगावला राहायची. लेकीने हट्टाने बोलावलं म्हणून आली होती, आणि परक्या बाईसारखी मांडीवर पर्स धरून बसली होती.

इतका वेळ बाईंचा राग त्या ठेक्यावर होता. आता तो नेमक्या जागी आला.

त्या उठल्या. स्पीकरचं बटण सापडेना, म्हणून वायरच ओढून काढली आणि तिथेच उभ्या राहून गायला लागल्या. आधी स्वतःचं नाव घेतलं, नातीच्या गालाला हळद लावली. मग मुलाचं. चारचौघांत अभयकुमारला यावंच लागलं. हळद लावून तो आईजवळच थांबला.

पुढची ओळ आली. लेक चेलनाची.

अभयकुमार दबक्या आवाजात म्हणाला, “माँ, पुरे. लोक बघताहेत.”

“बघू देत. पोरगी काय स्पीकरला झाली?”

त्यांनी तीच ओळ पुन्हा धरली. जावा-नणंदा खाली मान घालून बांगड्या चाळवत होत्या, एकीनेही सूर दिला नाही. बाईंचा आवाज फाटला, तरी ओळ तीच. मग पाटावरून आयुषीने ती उचलली. बेसूर, पण नाव अगदी स्पष्ट.

चेलना उठली. खुर्च्यांमधून वाट काढत येताना तिने कुणाकडेच पाहिलं नाही. अभयकुमार वाटेत उभा होता. बाईंनी गाता गाताच त्याला दंडाला धरून बाजूला केलं, आणि चेलनाची बोटं हळदीत बुडेपर्यंत ओळ सोडली नाही.