दोन फुटांवरून

"किती बोटं?" डॉक्टर प्रुइटनी विचारलं.

"दोन," आर्वो सारेला म्हणाला.

उत्तर बरोबर होतं. आर्वोला बोटं मात्र दिसली नव्हती. डॉक्टरबाईंचा हात, त्यांचा चेहरा, मागची खिडकी, यांतलं काहीच दिसलं नव्हतं. पण आठ वर्षांत त्याने अशा अकरा तपासण्या दिल्या होत्या, आणि डोळा चालत होता तोवर एक गोष्ट नीट पाहून ठेवली होती. डॉक्टर मंडळी पहिल्यांदा जवळजवळ नेहमी दोन बोटं दाखवतात. एक फार क्वचित. आणि तोच आकडा लागोपाठ दोनदा कुणीच दाखवत नाही.

त्याचा डावा डोळा काचेचा होता. खरा डोळा विसाव्या वर्षी लढाईत सुरुंगाने नेला. उजव्यात बारीक कपचे शिरले होते. त्यांनी घाई केली नाही, पन्नास वर्षं घेतली.

सैन्याचं अपंगत्वाचं निवृत्तिवेतन त्याला मिळत होतंच. त्याशिवाय दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी एक खास भरपाई असे आणि तिच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या. बोटं मोजता येतात का, हात हललेला कळतो का, निदान उजेड कळतो का, की तोही नाही. जितकी दृष्टी कमी, तितकी भरपाई जास्त. अगदी खालच्या पायरीवर घरी येणाऱ्या मदतनिसाचा खर्चही धरलेला असे. अर्ज त्याच्या मुलीने, हेल्मीने भरला होता. तिने बोट ठेवलं तिथे आर्वोने सही केली होती.

त्याची भीती वेगळी होती. एकदा कागदावर 'आंधळा' लागलं की हेल्मी त्याला एक दिवस एकटा राहू देणार नाही. डुलुथ शहरात तिचं चौथ्या मजल्यावर घर होतं. त्याचं घर तिथून चाळीस मैल उत्तरेला, तळ्याकाठी होतं. तिथल्या खोपटात तो लोकांची गळाची दोरी गुंडाळायची चक्रं दुरुस्त करी, आता नुसत्या बोटांनी. दर शनिवारी तो सौनाची, म्हणजे वाफ घेण्याच्या लाकडी खोलीची, भट्टी पेटवी, वाफेत बसे आणि घामाने निथळत, उघड्या अंगाने सव्वीस पावलं मोजत तळ्यात उतरे. चौथ्या मजल्यावर यातलं काय करणार?

पैशासाठी लोक आंधळेपणाचं सोंग आणतात. आर्वो दिसत असल्याचं सोंग आणत होता.

"छान. आता किती?"

तीन की चार? आर्वोने वेळ काढला. "सैन्यात आम्हाला डोकी मोजायला शिकवलं, डॉक्टर. बोटं नाही."

"बाबा, गप्प बस आणि उत्तर दे," शेजारी बसलेली हेल्मी म्हणाली.

"गप्प बसून कसं देऊ?"

डॉक्टर हसल्या. पण हात तसाच धरून ठेवला असावा, कारण त्या पुढे काही बोलल्या नाहीत. आर्वोने तीन म्हणायचं ठरवलं.

त्याच्या मांडीवर त्याचा जाड कोट होता. कोटाखाली हेल्मीने त्याचा हात धरला होता. तिचं बोट त्याच्या तळहातावर टेकलं आणि उचललं गेलं. पुन्हा टेकलं. अजून एकदा. अजून एकदा.

मग थांबलं.

आर्वोने उघडलेलं तोंड मिटलं.

मागच्या पानगळीत हेल्मीने सौनापासून तळ्यापर्यंत दोरी बांधली होती. चादरी वाळत घालायला, म्हणाली होती. त्या दोरीवर एकही चादर कधी पडली नव्हती. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिने चहाची किटली बदलून शिट्टीवाली आणली. जुनी गळते, म्हणाली. जुनी गळत नव्हती, हे त्याला पक्कं माहीत होतं.

म्हणजे दोन हिवाळे. दोन हिवाळे तिला ठाऊक होतं, आणि दर रविवारी संध्याकाळी ती त्याला तिथेच ठेवून, गाडी चालू करून, डुलुथला परत जात होती.

"मिस्टर सारेला?"

"चार," आर्वो म्हणाला. "पण ती मला दिसली नाहीत, डॉक्टर. मघाची दोनही नाहीत."

कोटाखाली हेल्मीचा हात एकदम ताठ झाला.

डॉक्टरांची खुर्ची पुढे सरकली. बटण दाबल्याचा आवाज आला. "आता डोळ्यासमोर विजेरी आहे. उजेड कळतो?"

"नाही."

"आता?"

"नाही. मागच्या वर्षापासून नाही."

इतकं सोपं वाक्य होतं. त्याला ते अवघड वाटलं होतं.

बाहेर बर्फ गोठून काच झाला होता. हेल्मीने त्याला आपला कोपर धरू दिला आणि गाडीपर्यंत आणलं. दोघं आत बसले. तिने किल्ली फिरवली नाही.

"मला चौथ्या मजल्यावर नेणार?" त्याने विचारलं.

"तुला? शेजारी दुसऱ्या दिवशी तक्रार करतील. दिवसा एक माणूस येईल तुझ्याकडे. त्यासाठी तर अर्ज केला. मला रविवारीच जमतं."

"मग मला दिसत नाही, हे डॉक्टरांना कळायलाच हवं होतं."

"हो."

"तरी चार सांगितलंस."

हेल्मीने नाक ओढलं. हातमोजे काढले, पुन्हा घातले. मोज्यांचा आवाज त्याला नीट ऐकू आला.

"तू तीन म्हणणार होतास, बाबा," ती म्हणाली. "ते मला बघवलं नसतं."