शेजारणीची किल्ली

हैदराबादला निघताना लेकानं पद्माबाईच्या मोबाईलला लॉक लावून दिलं आणि बजावलं, "बँकेचं समदं ह्यातच हाय, कुणाच्या हातात देऊ नको." शेजारची तुळजाक्का रोज कामाला जाताना त्याच मोबाईलवरून चिटगुप्प्याला दिलेल्या लेकीशी बोलायची. आजही ती उंबऱ्यात आली. "पद्माक्का, पोरीला नववा लागलाय, जीव वरखाली व्हायलाय. फोन लावून दे की." पद्माबाई चाचरली. "पोरानं लॉक लावलंय गं. मला बी उघडायला येईना." खरं वाटावं म्हणून तिनं मोबाईल तोंडासमोर धरला. मोबाईलला काय कळतंय! धनिणीचं तोंड ओळखून तो पटकन उघडला. पद्माबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तो पुढं केला. तुळजाक्का म्हणाली, "ऱ्हाऊ दे, टमटम थांबलीय." नेहमीसारखी घराची किल्ली तिनं पद्माबाईच्या तळहातावर ठेवली. "घराकडं ध्यान ठेव." टमटम गेली तरी पद्माबाईला मूठ मिटवेना.