निळी रेघ

"हा ओढा इथं कुणी आणला?" शाळेच्या प्रदर्शनातल्या नकाशावर सरपंचांनी बोट आपटलं. त्यांच्या नव्या मंगल कार्यालयाखालून निळी रेघ गेली होती.

भूगोलाच्या बोर्गेबाई पुढे झाल्या. सातवीला आपल्याच गावाचा नकाशा काढायला त्यांनीच सांगितलं होतं. इतकी वर्षं ॲमेझॉन घोकून घेतली, तेव्हा कुणाला काही खुपलं नव्हतं.

"तिथंच होता," नकाशा काढणारी अक्षदा म्हणाली. "तुम्ही बुजवलात, म्हणून पावसाळ्यात आमच्या घरात शिरतो."

"बाई, भूगोल शिकवता की राजकारण? खोडायला लावा, नाहीतर बदलीच्या तयारीला लागा!"

बाईंनी मान खाली घालून खोडरबर पुढे केला. अक्षदाने तो हिसकावला आणि दातओठ खात नकाशावर घासला.

ती बाजूला झाली. ओढा जागच्या जागी होता. मंगल कार्यालय तेवढं गेलं होतं.